सेंद्रिय मासळी : पाटी पिंजऱ्यातल्या माशाला, की समुद्रातल्या?

हॅम्बर्गवासी (प्रश्न)

नमस्कार. मी गेली काही वर्षे जर्मनीत हॅम्बर्ग येथे राहते. माहेर वेंगुर्ल्याचे असल्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी घरात मासळी लागतेच, आणि इथे ती बहुधा पाकिटातून येते. गेल्या आठवड्यात दुकानाच्या शीतकपाटात दोन पाकिटे शेजारी शेजारी दिसली. एकात आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ पिंजऱ्यात वाढवलेला सॅमन होता आणि त्यावर युरोपीय संघाचे हिरव्या पानाचे सेंद्रिय उत्पादनाचे चिन्ह होते. दुसऱ्यात अलास्काच्या समुद्रात पकडलेला सॅमन होता, पण त्यावर ते चिन्ह नव्हते.

आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मगे आमचो बांगडो काय खतावर वाढता?” तिचे म्हणणे असे, की ज्या माशाला कोणी दाणा घातला नाही आणि औषध पाजले नाही तो साधा ठरतो, आणि ज्याला माणसाने कोंडून, मोजून खायला घातले तो सेंद्रिय ठरतो, हे सरळसरळ उलटे आहे. मला तिला पटेल असे उत्तर देता आले नाही. समुद्रातल्या माशाला ही पाटी का मिळत नाही, पाळलेल्या माशाला ती का मिळते, आणि मुळात ती कोणाला मिळावी, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

मत्स्यविस्तार

आपल्या मातोश्रींची शंका अगदी रास्त आहे. रत्नागिरी परिसरात मत्स्यशेतीच्या प्रसाराचे काम करताना मला ती अनेकदा ऐकावी लागली आहे. घोटाळ्याची सुरुवात शब्दापासूनच होते. ‘सेंद्रिय’ म्हणजे इंद्रियांसहित. या अर्थाने बांगडा सेंद्रिय, बोंबील सेंद्रिय आणि त्यांना खाणारे आपणही सेंद्रिय. कायद्याने मात्र हा शब्द वस्तूच्या शुद्धतेसाठी वापरलेला नसून ती वस्तू पिकवण्याच्या रीतीसाठी वापरला आहे. शेतकऱ्याने जमिनीत काय घातले, बियाणे कोठून आणले, जनावराला काय चारले आणि आजारी पडल्यावर काय टोचले, याची नोंद ठेवून ती तपासनीसाला दाखवता आली पाहिजे. जिथे पाळणारा नाही, तिथे नोंद नाही आणि म्हणून प्रमाणपत्रही नाही.

युरोपीय संघाने सेंद्रिय मत्स्यशेतीचे तपशीलवार नियम २००९ मध्ये केले आणि ते जुलै २०१० पासून लागू झाले. २०१८ चा नवा कायदा जानेवारी २०२२ पासून अमलात आला, पण शिकारीतून आणि मासेमारीतून मिळालेले वन्य प्राणी सेंद्रिय उत्पादनात धरायचे नाहीत, ही भूमिका दोन्ही वेळी तीच राहिली. आपण पाहिलेल्या आयरिश सॅमनला समुद्रातल्या पिंजऱ्यात एक घनमीटर पाण्यामागे जास्तीत जास्त १० किलो एवढीच दाटी चालते. नॉर्वेत नेहमीच्या सॅमनपालनासाठी हीच मर्यादा २५ किलो आहे. सेंद्रिय सॅमनचे मांस केशरी दिसावे म्हणून खाद्यात कृत्रिम रंगद्रव्य घालता येत नाही, तेच द्रव्य कोळंबीच्या टरफलांसारख्या नैसर्गिक स्रोतातून यावे लागते. वाढीसाठी आणि प्रजननासाठी संप्रेरके वापरण्यास मनाई आहे. पाणी फिरवून वापरणाऱ्या जमिनीवरच्या बंदिस्त टाक्यांत वाढवलेला मासाही सेंद्रिय ठरत नाही. बीज (लहान पिल्ले) तयार करण्यापुरती तेवढी सवलत आहे.

एवढे वाचून ही पद्धत निर्दोष वाटेल, पण तिचे दुखणे खाद्यात आहे. सॅमन हा मांसाहारी मासा आहे. नियमाप्रमाणे त्याच्या आहारात वनस्पतिजन्य घटक ६० टक्क्यांपर्यंतच घालता येतात. उरलेल्यासाठी फिशमील (वाळवलेल्या माशांची भुकटी) आणि माशाचे तेल लागते. ते सेंद्रिय मत्स्यशेतीतील किंवा माणसांच्या खाण्यासाठी पकडलेल्या मासळीच्या डोकी-काट्यांपासून केलेले असावे, अशी अपेक्षा आहे. तरी शाश्वत ठरवलेल्या मासेमारीतला अख्खा समुद्री मासाही त्यात चालतो. म्हणजे जो रानटी मासा स्वतः सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, तो दुसऱ्या माशाच्या पोटातून सेंद्रिय होऊन बाहेर पडतो. आपल्या मातोश्रींनी नेमके याच जागी बोट ठेवले आहे, असे मला वाटते.

न्यूजर्सीकर

अमेरिकेत या प्रश्नाचे काय झाले ते सांगतो, कारण तिथे तो दोन दशकांहून अधिक काळ लोंबकळत आहे. १९९० च्या सेंद्रिय अन्न कायद्यात पशुधनाच्या व्याख्येत खाण्याच्या माशांचाही उल्लेख होता. त्या कायद्याचे नियम ऑक्टोबर २००२ मध्ये लागू झाले, तेव्हा गाई, कोंबड्या, धान्य, भाज्या या सर्वांचे निकष त्यांत आले आणि मासे मात्र बाहेर राहिले.

मध्येच अलास्काचे राजकारण शिरले. त्या राज्याने १९९० मध्येच माशांच्या शेतीवर बंदी घातली होती. चिली आणि नॉर्वे येथील पाळीव सॅमन स्वस्तात बाजारात येऊ लागला तेव्हा अलास्काच्या मच्छीमारांचे भाव कोसळले. उद्या हा पाळीव मासा ‘सेंद्रिय’ म्हणून चढ्या भावाने विकला जाईल आणि आपल्या नदी-समुद्रातला मासा साधा ठरेल, ही त्यांची भीती होती. अखेर एप्रिल २००३ मध्ये इराक युद्धाच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या विधेयकाच्या शेपटाला अलास्काच्या सिनेटरांनी एक कलम जोडले, आणि समुद्रातली वन्य मासळी सेंद्रिय म्हणून प्रमाणित करण्याची मुभा कायद्यात आली. तोफा आणि सॅमन एकाच विधेयकातून मंजूर झाल्याचे हे उदाहरण मला अजूनही गमतीचे वाटते. मुभा आली, पण तिच्यामागे निकष कधीच आले नाहीत.

पुढे नोव्हेंबर २००८ मध्ये सरकारच्या सल्लागार मंडळाने पाळीव माशांसाठी शिफारशी केल्या. त्यांत खाद्याच्या २५ टक्क्यांपर्यंत वन्य मासळी चालावी आणि हे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करावे, असे म्हटले होते. समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांनाही अटींसह परवानगी सुचवली होती. ग्राहक आणि पर्यावरण संघटनांनी कडाडून विरोध केला. गाईचा चारा शंभर टक्के सेंद्रिय लागतो, तर माशाला सूट का, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. त्या शिफारशींचे नियम आजतागायत झालेले नाहीत. कॅलिफोर्नियाने तर २००५ मध्येच कायदा करून, केंद्राचे निकष येईपर्यंत कोणत्याही मासळीवर हा शब्द छापण्यास बंदी घातली. त्यामुळे इतरत्र दुकानात ‘ऑर्गॅनिक’ सॅमन दिसलाच तर तो परदेशी निकषांवर प्रमाणित झालेला असतो, आणि अमेरिकी कृषी खात्याचे गोल चिन्ह त्यावर नसते.

मधपाळ

माझा व्यवसाय मधाचा असल्यामुळे एक आडवा प्रश्न विचारतो. मधमाशी काही माझ्या ताब्यात नसते. ती कोणत्या फुलावर बसते हे मला ठरवता येत नाही. तरीही युरोपात मध सेंद्रिय ठरतो. पेट्यांच्या भोवती तीन किलोमीटरपर्यंत मुख्यतः सेंद्रिय पिके किंवा रानफुलोरा असला म्हणजे पुरते. रानातून गोळा केलेली फळे आणि अळिंबीही सेंद्रिय प्रमाणित होतात, समुद्रातले आपोआप उगवलेले शेवाळसुद्धा होते. मग पाळणारा नाही म्हणून मासा अपात्र, हे कारण तोकडे पडत नाही काय?

मत्स्यविस्तार

मधपाळ, आपण मला चांगलेच अडवले आहे, आणि माझे पहिले कारण तोकडे होते हे मान्य करतो. शेवाळ, फळे आणि अळिंबी यांत एक गोष्ट समान आहे : ती जागची हलत नाहीत. ती जिथे उगवतात त्या जमिनीवर किंवा पाण्यात काही वर्षे निषिद्ध द्रव्य पडलेले नाही, हे तपासता येते. मधमाशी हलते, पण संध्याकाळी पेटीत परतते आणि तिच्या फेरीचा अंदाज बांधता येतो. सुरमईच्या फेरीला कोणता परीघ आखणार? ती आज कोणत्या खाडीच्या तोंडाशी चरली आणि त्या खाडीत कोणत्या कारखान्याचे सांडपाणी येते, हे तिला पकडणाऱ्यालाही ठाऊक नसते. सॅमनचे तर आयुष्यच नदी आणि महासागर यांत वाटलेले असते. शिवाय अलास्कात ज्याला वन्य म्हणतात त्यांतले कितीतरी सॅमन सरकारमान्य उबवणी केंद्रांत जन्मून, तिथे खाद्य खाऊन मग समुद्रात सोडलेले असतात, त्यामुळे वन्य हा शब्दही तिथे वाटतो तितका नितळ नाही.

मात्र आपल्या युक्तिवादाने एक दार उघडते, ते शिंपल्यांचे. कालवे, तिसऱ्या आणि दोरीवर वाढवलेले शिंपले जागचे हलत नाहीत, त्यांना बाहेरून खाद्य द्यावे लागत नाही, आणि पाणी गाळूनच ते जगतात. सेंद्रिय ही पाटी निःशंकपणे द्यावी असा जलचर मला विचाराल तर तो हाच. अट एवढीच, की पाणी स्वच्छ हवे, कारण शिंपला पाण्यातले चांगले-वाईट सारेच अंगात साठवतो. ठाणे खाडीतल्या शिंपल्याला कितीही कागद जोडले तरी उपयोग नाही. आपल्या राज्यात २०१७ पासून कांदळवन उपजीविका योजनेत बचत गटांना कालवे, शिंपले आणि खेकडे पाळण्यासाठी साहाय्य दिले जाते. त्यांपैकी कालवे आणि शिंपले या कसोटीला सहज उतरतील. खेकडा उतरणार नाही, कारण त्याला स्वस्त बारीक मासळी चारावी लागते आणि आपण पुन्हा सॅमनच्याच पेचात येतो.

गोड्या पाण्यातले रोहू, कटला आणि मृगळ यांच्याबद्दल वाचकांना उत्सुकता असेल. तळ्यातले प्लवंग, भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड यांवर ते वाढतात, म्हणजे खाद्याची अडचण फारशी नाही. कोंडा आणि पेंड सेंद्रिय शेतीतली हवी, इतकेच. अडचण बीजाची आहे. हे मासे साठवलेल्या पाण्यात आपण होऊन अंडी घालत नाहीत, त्यांना वाहते पूरपाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवले. तो दिवस आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो, आणि देशातली तळ्यांची मत्स्यशेती त्या सुईवरच उभी राहिली. आज अर्काऐवजी तयार संप्रेरकाचे इंजेक्शन मिळते. सेंद्रिय नियम काटेकोर लावले, तर त्या सुईने जन्मलेली बोटुकली (बोटाएवढे पिल्लू) पहिल्याच पायरीवर बाद होते. तिलापियाची सर्व पिल्ले नर व्हावीत म्हणून दिले जाणारे संप्रेरक आणि कोळंबीच्या मादीने लवकर अंडी द्यावीत म्हणून तिच्या डोळ्याचा देठ छाटणे, हे दोन्हीही युरोपीय नियमांत निषिद्ध आहेत. माशाच्या पाटीवर वाद घालताना लोक खाद्यापाशी थांबतात. खरी परीक्षा उबवणी केंद्रात होते.

रापणकर

वरील चर्चा मी मनापासून वाचली. आमचे घराणे मालवणच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांचे. मी स्वतः शाळेत शिकवतो, पण रापणीतला आमचा वाटा अजून शाबूत आहे. नियम कोणत्या तर्काने बनले हे मला समजले, तरी त्यांचा परिणाम कोणावर होतो याकडे कोणी पाहिलेले नाही, असे मला नम्रपणे म्हणायचे आहे.

ग्राहकाच्या मनात सेंद्रिय म्हणजे चांगले आणि पाटी नसलेले म्हणजे संशयास्पद, असा हिशेब पक्का बसला आहे. कायद्याचा अर्थ ‘नोंद ठेवलेले’ एवढाच असला, तरी पाटी वाचणारा तो अर्थ वाचत नाही. त्यामुळे भांडवल घालून पिंजरे उभारणाऱ्याला चढा भाव मिळतो, आणि ज्याने समुद्रात काहीच घातले नाही त्याचा मासा खालच्या पायरीवर जातो. आमच्याकडची तारली आणि बारीक मासळी फिशमीलच्या कारखान्यांना जाते, ती काही फुकट उगवत नाही. उद्या तीच तारली कोणा परदेशी कोळंबीला सेंद्रिय बनवणार आणि आमच्या ताटातून उठणार असेल, तर ही कोणती शेती म्हणायची?

तरीही समुद्रातल्या सरसकट माशाला सेंद्रिय म्हणा, अशी मागणी मी करणार नाही, आणि त्याचे कारण आमच्याच पाण्यात आहे. रापणीचा बांगडा वन्य आणि एलईडी दिवे लावून पर्ससीनने (थव्याला वेढून ओढायच्या मोठ्या जाळ्याने) उपसलेला बांगडाही वन्यच. असे दिवे लावून मासेमारी करण्यास केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, राज्याने त्याआधी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, आणि तरी रात्री समुद्रात उजेड दिसतोच. दोन्ही बांगड्यांना एकच मानाची पाटी मिळाली, तर आमचे नुकसान दुप्पट होईल. मला सेंद्रिय हा शब्द नको आहे. मासा कोणी, कोठे, कशाने आणि कोणत्या महिन्यात पकडला, एवढे पाटीवर खरे लिहिले, तरी आमच्या मासळीला पुरेसे आहे. बंदीचे जून-जुलै पाळून नारळी पौर्णिमेनंतर होडी लोटणाऱ्याला त्याहून वेगळे प्रशस्तिपत्र लागत नाही.

अशी दुसरी प्रमाणपत्रे आहेत, हे मला ठाऊक आहे. केरळात अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, आणि ते मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी होती. पण तिथे एकच सरोवर, एक जात आणि परदेशी खरेदीदार होते. आमच्या एका ओढीत बारा जातींची मासळी येते. तिचा अभ्यास करून घेण्याचा खर्च रापण संघाने कोठून करावा?

हॅम्बर्गवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भारतात माशांच्या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे कोणी सांगू शकेल का? पुण्यात भाऊ राहतो, त्याच्या सोसायटीबाहेर एका गाडीवर ‘ऑर्गॅनिक रोहू’ अशी पाटी लावून मासे विकतात, असे तो म्हणत होता.

मत्स्यविस्तार

थोडक्यात सांगतो. सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून वाणिज्य मंत्रालयाच्या अपेडा या संस्थेमार्फत चालतो आणि त्याच्या निकषांत मत्स्यशेतीचाही समावेश आहे. देशात विकल्या जाणाऱ्या मालासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे नियम लागू होतात. त्यांनुसार सेंद्रिय म्हणायचे तर या कार्यक्रमाचे किंवा पीजीएस या सहभागी पद्धतीचे प्रमाणपत्र आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह हवे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला मूळ उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण चिन्ह वापरता येत नाही. तेव्हा गाडीवाल्याला भावाने दोनच प्रश्न विचारावेत : तळे तुमचे स्वतःचे आहे का, आणि बोटुकली कोठून आणली? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळणार नाही.

निर्यातीसाठी मात्र प्रयत्न झाले आहेत. समुद्री उत्पादन निर्यात प्राधिकरणाने २००७ च्या सुमारास स्विस साहाय्याने केरळ आणि आंध्र प्रदेशात सेंद्रिय कोळंबीचा प्रकल्प हाती घेतला होता.

खाजणकाठ

आमचे गाव गोव्यात तिसवाडीत, खाजणाच्या काठावर आहे, त्यामुळे या चर्चेत एक तिसरा मासा आणतो. खाजण म्हणजे खाडीलगतची, बांध घालून भरतीपासून राखलेली जमीन. बांधात लाकडी झडपांची मानस असते. पावसाळ्यात पाणी गोडे झाले की खारे पाणी सोसणारा कोरगुट भात पिकतो. भात कापल्यावर भरतीचे पाणी आत घेतात आणि त्याबरोबर कोळंबी, शेवटे आणि काळुंदर यांची पिल्ले आपोआप शिरतात. ती भाताच्या कुजलेल्या धसकटांवर आणि शेवाळावर वाढतात. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावले की मासळी मिळते. केरळातली पोक्काळी शेती जवळपास याच रीतीची आहे.

हा मासा पाळीव, की वन्य? बीज समुद्राचे, खाद्य शेताचे, आणि दार माणसाच्या हातात. संप्रेरक नाही, फिशमील नाही, परीघ आखलेला आहे आणि बांधाआडच्या भातात कोणी काय फवारले याची नोंद गावाला ठेवता येते. मत्स्यविस्तार यांना विचारतो, आपल्या कसोटीवर हा उतरतो का?

मत्स्यविस्तार

खाजणकाठ, तो नुसता उतरत नाही, युरोपीय नियमांनी त्याची सोय आधीच करून ठेवली आहे. निसर्गातले पिल्लू पकडून वाढवण्यास त्यांत सर्वसाधारणपणे मनाई आहे, पण तळे भरताना पाण्याबरोबर आपण होऊन आत आलेली पिल्ले चालतात, असा स्पष्ट अपवाद आहे. बीजाचा जो पेच रोहूला सुटत नाही, तो आपल्या मानशीने सोडवला आहे. प्रश्न उरतो तो भाताचा. वरच्या शेतात युरिया किंवा तणनाशक पडत असेल, तर कोळंबीलाही प्रमाणपत्र मिळणार नाही. भात आणि कोळंबी या दोघांचा अर्ज एकत्रच करावा लागेल.

खाजणकाठ

तीच गोम आहे. आमच्याकडे मानशीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला खारे पाणी जास्त दिवस आत हवे असते, शेतकऱ्याला ते लवकर बाहेर हवे असते, आणि बांध फुटला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. एका अर्जावर दोघांच्या सह्या मिळवणे हे युरोपच्या नियमांहून अवघड काम आहे. तरी येत्या कोमुनिदादच्या (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) बैठकीत विषय मांडून पाहतो.

हॅम्बर्गवासी

रापणकरांनी जी पाटी मागितली, ती इथे काही प्रमाणात असते, हे मला आज नीट पाहिल्यावर कळले. डिसेंबर २०१४ पासून युरोपात मासळीवर जात, पाळीव की पकडलेला, पकडण्याचे क्षेत्र आणि साधन लिहिणे बंधनकारक आहे. अलास्काच्या सॅमनच्या पाकिटावर बारीक अक्षरांत क्षेत्र ६७ (जगातले समुद्र अशा आकड्यांच्या क्षेत्रांत वाटलेले आहेत) आणि जाळ्याचा प्रकार छापलेला होता. आजवर मी हिरवे पान शोधण्याच्या नादात ते वाचलेच नव्हते. आयरिश सॅमनवर देश आणि ‘पाळीव’ एवढेच होते, खाद्याबद्दल अवाक्षर नव्हते.

आईला हे सारे सांगितले. सेंद्रिय म्हणजे नोंद ठेवलेले, हे तिला पटले, खाजणाचे तर फारच आवडले. मग तिने विचारले, की आपल्या समुद्राचा आकडा कोणता. मी शोधून सांगितले, की तो ५१ आहे आणि त्यात आपल्या किनाऱ्यापासून थेट आफ्रिकेपर्यंतचा सारा समुद्र येतो. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “वेंगुर्ल्याचो बांगडो नि मालवणचो बांगडो माका चवीन कळता, आणि ह्येंका आफ्रिकेपर्यंत एकच आकडो पुरता?”